हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल : खांद्याला सोसेल तेच काडतूस

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून :

«आम्ही उभयता अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनजवळ राहतो. दोघांकडेही ग्रीन कार्ड आहे. माझ्या एका सहकाऱ्याने येत्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या कुटुंबाच्या रानात हरणाच्या शिकारीसाठी येण्याचे निमंत्रण दिले असून माझ्या पत्नीलाही हे शिकायचे आहे. चिपळूणजवळच्या आमच्या गावी आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, एवढाच आमचा बंदुकीशी संबंध. मी स्वतः कधी चाप ओढलेला नाही. दुकानातील विक्रेता .३०० विंचेस्टर मॅग्नम घ्या म्हणतो, कारण ती पुढे एल्कच्या, म्हणजे त्याहून कितीतरी मोठ्या हरणाच्या, शिकारीलाही चालेल. सहकारी त्याच्या वडिलांची जुनी .३०-०६ वापरायला देतो आहे. तरुण मित्र ६.५ क्रीडमूरखेरीज दुसरे नाव घेत नाहीत. आम्हाला दोघांत मिळून एकच रायफल घ्यायची आहे, पत्नीची चण लहान आहे, घरात तीन वर्षांची मुलगी आहे आणि दुर्बिणीसह हजार-बाराशे डॉलरपेक्षा जास्त खर्च करण्याची तयारी नाही. कोणती रायफल आणि कोणते काडतूस घ्यावे? पुढेमागे भारतात परतलो, तर ती सोबत नेता येईल का?»

सप्रेम नमस्कार.

पत्रातले आकडे आणि नावे, म्हणजे .३०० विंचेस्टर मॅग्नम, .३०-०६ आणि ६.५ क्रीडमूर, ही काडतुसांची नावे आहेत. आपल्याला तिघांनी दिलेल्या तिन्ही सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. ती म्हणजे, काडतुसाची ताकद हाच निवडीचा मुख्य निकष आहे. माझे मत तसे नाही. आपल्याकडे विस्कॉन्सिनमध्ये ज्याची शिकार होते ते व्हाइटटेल हरिण दणकट जनावर असले तरी त्याची कातडी पातळ आणि फासळ्या नाजूक असतात, आणि योग्य जागी लागलेली मध्यम ताकदीची गोळी त्याला काही सेकंदांत खाली आणते. अयोग्य जागी लागलेली गोळी मात्र कितीही मोठी असली, तरी त्या जनावराला तासन्‌तास यातना देत रानात फिरवते. म्हणून जे काडतूस आपण आणि आपली पत्नी दोघेही न दचकता, हंगामापूर्वी भरपूर वेळा उडवू शकाल, तेच आपल्यासाठी योग्य. माझी शिफारस ७ एमएम-०८ रेमिंग्टन या काडतुसाची आहे, तीही हलक्या नसलेल्या, साध्या बोल्टच्या, म्हणजे प्रत्येक गोळीसाठी हाताने खिटी मागेपुढे करावी लागते अशा, रायफलीत. आता ती का, हे सविस्तर सांगतो.

बंदूक उडाली की ती मागे सरकते आणि दस्ता खांद्यावर आदळतो. हा धक्का फूट-पाउंडात मोजता येतो. सुमारे आठ पाउंड वजनाच्या रायफलीत .२४३ विंचेस्टरचा धक्का नऊ-दहा फूट-पाउंड, ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ यांचा बारा-तेराच्या आसपास, .३०८ विंचेस्टरचा सोळा-सतरा, .३०-०६ चा वीसच्या घरात आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा पंचविसाच्याही वर जातो. म्हणजे विक्रेत्याने सुचवलेले काडतूस मी सुचवलेल्या काडतुसाच्या दुप्पट धक्का देते. नवख्या माणसाच्या बाबतीत हा केवळ खांदा दुखण्याचा प्रश्न नसतो. दोन-चार जोरदार धक्के बसले की शरीर आपोआप सावध होते, आणि पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या नेमक्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे झुकतो, पंजा आवळला जातो. हे आपल्या इच्छेविरुद्ध घडते आणि बहुतेकदा आपल्या लक्षातही येत नाही, कारण धक्क्याच्या गडबडीत ती हालचाल झाकली जाते. गोळी मात्र शंभर यार्डांवर हातभर बाजूला गेलेली असते. एकदा जडलेली ही सवय मोडायला महिने लागतात, म्हणून ती जडूच नये अशी सुरुवात करणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

ती जडली आहे की नाही हे ओळखण्याची एक चांगली पद्धत आहे. सरावाच्या वेळी सोबत्याने आपल्या नकळत कधी खरे, तर कधी नकली काडतूस भरून द्यावे. नकली काडतुसावर चाप ओढताना नळीचे टोक जागचे हलले, तर दचकण्याची सवय लागली आहे असे समजावे. दोघांनीही हे आळीपाळीने आणि पुन्हा पुन्हा करावे.

आता ताकदीचा हिशेब पाहू. ७ एमएम-०८ मधील १४० ग्रेनची गोळी, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅम वजनाची, नळीतून सेकंदाला साधारण २,८०० फूट वेगाने बाहेर पडते आणि तिच्यात सुमारे २,४०० फूट-पाउंड ऊर्जा असते. हरणासाठी लक्ष्यापाशी हजार फूट-पाउंड ऊर्जा असावी, असा अमेरिकेतील शिकाऱ्यांचा जुना ढोबळ दंडक आहे. त्याला शास्त्राचा भक्कम आधार आहे असे मी म्हणणार नाही, पण त्या दंडकानेही हे काडतूस तीनशे यार्डांवर सहज पुरते. विस्कॉन्सिनच्या झाडीत बहुतेक हरणे शंभर यार्डांच्या आत मारली जातात, आणि आपण पहिल्या वर्षी त्यापलीकडे गोळी झाडूच नये, असा माझा आग्रह आहे. तेव्हा .३०० मॅग्नमची जादा ऊर्जा आपल्या कोणत्याही उपयोगाची नाही. ती फक्त अधिक मांस नासवील, अधिक आवाज करील आणि आपल्या पत्नीला पहिल्याच दिवशी सरावापासून दूर लोटील. एल्कच्या शिकारीचा योग कधी आलाच, तर चांगल्या बांधणीच्या गोळीनिशी आणि मर्यादित पल्ल्यावर ७ एमएम-०८ तेही काम करते.

बाकीच्या पर्यायांविषयी थोडक्यात. आपल्या तरुण मित्रांचे चुकलेले नाही. हॉर्नेडी कंपनीने २००७ मध्ये आणलेले ६.५ क्रीडमूर हे मुळात नेमबाजीच्या स्पर्धांसाठी घडवलेले काडतूस असले, तरी हरणासाठी ते उत्तम आहे, त्याचा धक्का सौम्य आहे आणि ते जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळते. आपल्या परिसरातील दुकानांत ७ एमएम-०८ ची पेटी सातत्याने मिळत नाही असे आढळले, तर निःशंकपणे क्रीडमूर घ्यावे. मी ७ एमएम-०८ ला किंचित वरचे स्थान देतो ते एवढ्यासाठी, की त्याची गोळी थोडी अधिक व्यासाची असते आणि झाडीतल्या जवळच्या पल्ल्यावर क्रीडमूरच्या लांब, सडपातळ गोळीचे खास फायदे वापरलेच जात नाहीत. दोहोंतला फरक हरणाला कळणार नाही, इतका तो लहान आहे. .२४३ चा धक्का सर्वांत कमी आणि ते अनेकांना पहिले काडतूस म्हणून दिले जाते, परंतु त्याची १०० ग्रेनची गोळी जागा थोडी चुकली तर फारशी सवलत देत नाही, आणि नवख्याची जागाच चुकण्याची शक्यता अधिक असते. .२७० विंचेस्टर १९२५ पासून आणि .३०८ विंचेस्टर १९५२ पासून हरणांच्या रानात आपली योग्यता सिद्ध करत आले आहेत, आणि आपण एकटेच रायफल वापरणार असता तर मी कदाचित .३०८ च सुचवले असते. ७ एमएम-०८ हे त्याच .३०८ ची पुंगळी, म्हणजे दारू भरलेली धातूची नळी, तोंडाशी आवळून केलेले भावंड आहे, आणि लहान चणीच्या माणसाला ते लक्षणीयरीत्या सुखाचे जाते.

.३०-३० विंचेस्टरचा उल्लेख आपल्या पत्रात नाही, पण सहकाऱ्याच्या रानातल्या मुक्कामी ते कुणा ना कुणाच्या हाती नक्की दिसेल. १८९५ मध्ये बाजारात आलेले हे काडतूस, १८९४ च्या विंचेस्टर रायफलीत किंवा मार्लिन ३३६ मध्ये, खालचा दांडा खाली-वर करून भरण्याच्या पद्धतीचे, अजूनही उत्तरेकडच्या दाट झाडीत दीडशे यार्डांपर्यंत कुणाच्याही मागे नाही. ती रायफल सडपातळ आणि हाताला मोठी गोड लागणारी असते, हे मलाही मान्य आहे. तरीही पहिली बंदूक म्हणून मी ती सुचवणार नाही, कारण जुन्या घडणीच्या नमुन्यांत घोडा, म्हणजे चाप ओढताच आपटून काडतूस उडवणारा मागचा हातोडा, हाताने अलगद उतरवावा लागतो, आणि थंडीने बधिर झालेल्या, हातमोजे घातलेल्या नवख्या बोटांनी ते काम करताना अपघात होऊ शकतो.

आपल्या सहकाऱ्याने देऊ केलेली .३०-०६ नाकारू नये, असे मात्र मला वाटते. १९०६ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या या काडतुसाने त्या देशात जेवढी हरणे मारली आहेत, तेवढी फार थोड्या काडतुसांनी मारली असतील. कमी धक्क्याची काडतुसे घेतली तर ती आपल्याला, म्हणजे पतीला, पुरेशी सोसवेल. दोघांनी एकाच वेळी वेगवेगळ्या मचाणांवर बसायचे ठरले, तर नवी रायफल पत्नीच्या हाती आणि ही जुनी आपल्या हाती, अशी वाटणी उत्तम होईल. मात्र ती उसनी घेण्यापूर्वी जाणकार बंदूक-कारागिराकडून तपासून घ्यावी आणि आपल्या हाताने, आपल्या डोळ्यांनी, त्याच काडतुसांवर तिचा नेम जुळवून घ्यावा. दुसऱ्याने जुळवलेल्या नेमावर विसंबून जनावरावर गोळी झाडू नये.

दोन रायफली आणि दोन प्रकारची काडतुसे एका गाडीत येणार असतील, तर एक नियम कडकपणे पाळावा लागेल. नळीवर जे नाव कोरलेले आहे, तेच नाव काडतुसाच्या बुडावर असले पाहिजे. .३०८ चे काडतूस .३०-०६ च्या रायफलीत, किंवा ७ एमएम-०८ चे काडतूस .३०८ च्या रायफलीत शिरू शकते. ते तेथे उडवले, तर पुंगळी फाटून जळता वायू चेहऱ्यावर येण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येकाने आपली काडतुसे आपल्याच खिशात ठेवावीत, आणि एका खिशात दोन प्रकार कधीही ठेवू नयेत.

रायफल निवडताना मी चार गोष्टी पाहीन : बोल्टची साधी रचना, दस्त्याची लांबी, वजन आणि चाप. बोल्ट मागे ओढला की नळीच्या मागचे घर उघडे पडते आणि ते रिकामे आहे की नाही हे डोळ्यांनी दिसते आणि बोटाने चाचपताही येते. नवख्या घरात याहून मोठा गुण नाही. शिवाय दुसरी गोळी आपोआप वर चढत नसल्यामुळे पहिलीच गोळी विचारपूर्वक झाडण्याची शिस्त लागते. दस्त्याच्या लांबीकडे बहुतेक खरेदीदार दुर्लक्ष करतात. दस्ता लांब असला तर लहान चणीच्या व्यक्तीला मान ताणून दुर्बिणीपर्यंत पोहोचावे लागते, बंदूक खांद्याऐवजी दंडावर टेकते आणि मग सौम्य काडतूसही झोंबते. आखूड दस्ता उंच माणसाला मात्र सहज निभावतो, विशेषतः नोव्हेंबरच्या थंडीतल्या जाड कोटावरून. म्हणून दोघांत एकच रायफल घ्यायची असेल, तर ती पत्नीच्या मापाची घ्यावी, किंवा ज्यात दस्त्याच्या टोकाला चकत्या घालून लांबी कमी-जास्त करता येते अशी घ्यावी. दुकानात जाताना दोघांनीही शिकारीचा जाड कोट सोबत न्यावा, तो अंगात घालून, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. दुर्बिणीत पूर्ण गोल स्वच्छ दिसला, तर ती आपल्या मापाची आहे. त्याच वेळी दोघांचाही प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना नकळत पुढाकार घेणारा डोळा, कोणता हे पाहून घ्यावे. एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा निघाला, तर एकाच रायफलीचा बेत पुन्हा तपासावा लागेल.

वजनाच्या बाबतीत दुकानदार हलक्या रायफलीचे कौतुक करतील. डोंगरात दिवसभर चालणाऱ्या शिकाऱ्याला ते लागू आहे. आपण मचाणावर किंवा आडोशाला बसून राहणार आहात, म्हणून दुर्बिणीसह साडेसात ते आठ पाउंड वजन आपल्या हिताचे, कारण जड बंदूक कमी धक्का देते आणि हातात स्थिर राहते. नळी २० ते २२ इंचांची पुरे. नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारी छिद्रांची नळकांडी बसवून मिळते, ती घेऊ नये. ती धक्का कमी करते हे खरे, पण आवाज बाजूंना फेकते, आणि साध्या रायफलीचाच आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. सरावाच्या वेळी कानात बोळे आणि त्यावर कर्णझाप अशी दुहेरी काळजी दोघांनीही घ्यावी, कारण एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

नावे हवी असतील तर आपल्या मर्यादेत रुगर अमेरिकन, सॅव्हेज ११०, वेदरबी व्हॅनगार्ड आणि थोडे हात सैल सोडल्यास फिनलंडची टिक्का टी३एक्स ही चारही घराणी विश्वासाची आहेत. यांतली कोणतीही आपल्या हातापेक्षा अधिक अचूक गोळी मारते, त्यामुळे कोणती घ्यावी हे दस्त्याच्या मापावर ठरवावे. प्रत्येक नमुना प्रत्येक काडतुसात आणि आखूड दस्त्यात मिळतोच असे नाही, म्हणून दुकानदाराला तसे आधी विचारून घ्यावे. जाता जाता एक सांगण्याजोगे : अमेरिकेत रायफल आणि काडतुसांच्या उत्पादकांवर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने ११ टक्के अबकारी कर आहे आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव-संवर्धनाकडे जातो. आपल्या खरेदीचा एक वाटा अशा रीतीने त्याच रानासाठी खर्च होतो, हे आपल्या पत्नीलाही अवश्य सांगावे.

दुर्बीण ३ ते ९ पट मोठे दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची, साध्या फुलीच्या खुणेची घ्यावी. अधिक शक्तीच्या दुर्बिणीचा मोह टाळावा, कारण झाडीत तीस यार्डांवर अवचित हरिण उभे राहिले तर नऊ पटींत नुसती करडी लोकर दिसते आणि जनावराचा कोणता भाग समोर आहे हेच कळत नाही. रानात फिरताना दुर्बीण नेहमी तिपटीवर ठेवावी. ती बसवण्याची बैठक आणि कड्या मात्र स्वस्तातल्या घेऊ नयेत. नेम हलण्याचे कारण बहुतेक वेळा रायफलीत नसून सैल स्क्रूत असते.

गोळीच्या निवडीत आपल्या घरातली तीन वर्षांची मुलगी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नेहमीची शिकारीची गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि वर तांब्याचे आवरण. ती जनावरात शिरताच फुलते आणि त्या वेळी शिशाचे बारीक कण सुटतात. क्ष-किरणांच्या चित्रांत हे कण जखमेपासून वीतभर, कधी त्याहूनही दूर मांसात विखुरलेले दिसले आहेत. ते डोळ्यांना दिसत नाहीत, दातांना लागत नाहीत आणि शिजवून जात नाहीत. शिशाची कोणतीही मात्रा लहान मुलांच्या मेंदूला सुरक्षित मानली जात नाही. म्हणून जे मांस मुलीच्या ताटात जाणार आहे, त्यासाठी संपूर्ण तांब्याची, फुलणारी गोळीच वापरावी. बार्न्स कंपनीची ७ एमएम-०८ मधली १२० ग्रेनची तांब्याची गोळी याच कामाची आहे आणि तिचा धक्काही थोडा कमी असतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्वच शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे. विस्कॉन्सिनमध्ये तशी सक्ती नसली, तरी आपण ती स्वतःवर घालून घ्यावी. पेटीमागे दहा-पंधरा डॉलर अधिक पडतील. शिकारीत प्रत्यक्षात एक-दोनच काडतुसे खर्च होतात, त्यामुळे हा भार मोठा नाही. सरावासाठी स्वस्त, शिशाच्या गोळ्यांची काडतुसे चालतील, मात्र शेवटचा नेम तांब्याच्या गोळीवरच जुळवावा, कारण दोन्ही एकाच जागी लागतीलच असे नाही. सर्व बाजूंनी कठीण धातूने मढवलेली, न फुलणारी सैनिकी धाटणीची गोळी हरणावर कधीही वापरू नये. ती आरपार निघून जाते आणि जनावर जखमी होऊन दूर जाऊन मरते. अनेक राज्यांत ती शिकारीसाठी बेकायदाही आहे.

आता खर्चाची विभागणी. बाराशेपैकी साडेपाचशे-सहाशे डॉलर रायफलीला आणि अडीचशे-तीनशे दुर्बीण आणि तिच्या बैठकीला ठेवावेत. उरलेल्या रकमेला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये, कारण ती काडतुसांसाठी आणि सरावाच्या मैदानाच्या शुल्कासाठी आहे. महाग रायफल आणि दोन पेट्या काडतुसे घेतलेल्या माणसापेक्षा साधी रायफल आणि दहा पेट्या घेतलेला माणूस रानात शतपटीने भरवशाचा असतो. शक्य झाल्यास एखाद्या परिचिताची .२२ रिमफायर, म्हणजे अगदी लहान काडतुसाची, रायफल सरावासाठी मागून घ्यावी. तिचा धक्का जवळजवळ शून्य, पन्नास काडतुसांची पेटी थोड्याशा डॉलरांत मिळते आणि श्वास रोखणे, चाप हळुवार दाबणे, गोळी सुटल्यावरही नजर लक्ष्यावर ठेवणे, हे सारे तीवरच शिकावे. कायदा काय म्हणतो ते म्हणो, ही .२२ हरणासाठी मात्र नाही.

मोठ्या रायफलीचा नेम प्रथम २५ यार्डांवर आणि मग १०० यार्डांवर जुळवावा. शंभरावर बरोबर मध्यभागी जुळवली, तर ७ एमएम-०८ ची गोळी दोनशेवर साडेतीन इंचांच्या आसपास खाली लागेल, आणि आपल्या कामाला एवढे ज्ञान पुरे. त्यानंतर टेबलावरून गोळ्या झाडणे थांबवावे. रानात टेबल नसते. आठ इंच व्यासाची कागदी बशी टांगावी, कारण हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण तेवढीच असते, आणि बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधाराने, जाड कोट घालून तिच्यावर सराव करावा. ज्या अंतरावर आपल्या दहापैकी दहा गोळ्या बशीत लागतात, तेच आपले शिकारीचे अंतर. ते पतीचे ऐंशी यार्ड आणि पत्नीचे एकशे वीस निघाले, तर तसेच मानावे.

गोळी कुठे मारायची, यावर एकच सांगतो. हरिण आडवे उभे असताना पुढच्या पायाच्या किंचित मागे, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या वरच्या कडेला नेम धरावा. डोके आणि मान यांवर गोळी झाडू नये. ती लक्ष्ये लहान असतात, सतत हलतात आणि जबडा फुटलेले हरिण उपासमारीने मरते. विस्कॉन्सिनमध्ये याला आणखी एक कारण आहे. तेथील हरणांत २००२ मध्ये सीडब्ल्यूडी हा मेंदूचा प्राणघातक रोग आढळला आणि मॅडिसनच्या आसपासचा भाग त्याच्या मूळ केंद्रांपैकी आहे. त्याच्या चाचणीसाठी डोक्या-मानेजवळच्या ग्रंथी शाबूत लागतात. चाचणी करून घ्यावी आणि निष्कर्ष येईपर्यंत मांस वेगळे गोठवून ठेवावे. रोग आढळलेल्या हरणाचे मांस खाऊ नये, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे.

कायद्याच्या बाजूने आपण दोघेही ग्रीन कार्डधारक असल्यामुळे रायफल विकत घेऊ शकता. दुकानात ४४७३ क्रमांकाचा केंद्र सरकारचा अर्ज भरताना नागरिकत्वाच्या रकान्यात खरी माहिती आणि ग्रीन कार्डावरचा आपला एलियन क्रमांक द्यावा, आणि राज्यातील पत्त्याचा सरकारी पुरावा सोबत न्यावा. हे सदर वाचणाऱ्या एच-१बी, म्हणजे तात्पुरत्या नोकरीच्या, व्हिसाधारकांसाठी वेगळी सूचना आहे : अशा व्हिसावर बंदूक केवळ जवळ बाळगण्यासही केंद्रीय कायद्याची मनाई असते, आणि एखाद्या राज्याचा वैध शिकार-परवाना हाती असणे हा त्यातील एक अपवाद आहे. म्हणून परवाना आधी, बंदुकीला हात नंतर, आणि शंका असल्यास इमिग्रेशनच्या वकिलाचे मत घेतल्याखेरीज मित्राच्या बंदुकीनेही सराव करू नये. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीच्या परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचे, म्हणजे शिकारी-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाचे, प्रमाणपत्र लागते. मार्गदर्शकाच्या हाताच्या अंतरात राहून शिकण्याचा वेगळा मार्गही आहे, परंतु आपण दोघांनी पूर्ण अभ्यासक्रमच करावा, आणि तो रायफल विकत घेण्याआधी करावा. तेथे हाताळायला मिळणाऱ्या बंदुकांवरून आपल्या पसंतीत फरकही पडू शकेल. नऊ दिवसांचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरमधल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि शरद ऋतूत अभ्यासक्रमाच्या जागा भरून जातात, म्हणून उन्हाळ्यातच नाव नोंदवावे.

घरी रायफल कुलूपबंद पोलादी कपाटात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत. दोन्ही किल्ल्या मुलीच्या नजरेलाही पडू नयेत. कपाटाचा खर्च वरच्या बाराशेत धरलेला नाही, तो वेगळा करावा लागेल आणि तो रायफल घरात येण्याच्या आधी करावा.

राहिला भारताचा प्रश्न. रायफल सोबत नेण्याचा विचार करू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना आणि आयातीची परवानगी या दोन्ही गोष्टी अवघड आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा मार्ग बंद केलेला आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांसाठी वनखात्याकडून दिली जाणारी परवानगी हा शेतकऱ्याच्या गरजेचा विषय आहे, त्यावर शिकारीचा बेत आखता येणार नाही. परतण्याची वेळ आली, तर परवानाधारक दुकानदारामार्फत ती विकावी किंवा आपल्या सहकाऱ्याला रीतसर हस्तांतरित करावी. जपून वापरलेल्या, नामांकित घराण्याच्या बोल्ट रायफलीला तेथे गिऱ्हाईक सहज मिळते.